पात्यावरचे आकडे आधी वाचा, रंग नंतर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात गेल्या महिन्यात कराड तालुक्यातल्या एका गावाची बातमी फोटोसह आली होती. जुन्या वाड्याच्या माळ्यावर विमानाचं एक पातं सापडलं, त्याला तिरंगी रंग देऊन ग्रामपंचायत ते चौकात चबुतऱ्यावर बसवणार आहे, आणि ते ‘१९४३ साली प्रतिसरकारच्या काळात पाडलेल्या इंग्रजांच्या स्पिटफायर विमानाचा पंखा’ आहे, असं त्यात म्हटलं होतं. गावानं ते पातं भंगारात घातलं नाही, याचा मला फार आनंद झाला. पण फोटो पाहिल्याबरोबर हे स्पिटफायरचं नव्हे, हे ध्यानात आलं. नुसत्या फोटोवरून पत्र लिहिणं बरोबर नाही, म्हणून एसटीनं त्या गावी जाऊन ते पातं हातानं तपासून आलो आणि मगच हे लिहितो आहे.

मी भारतीय हवाई दलात प्रॉपेलरवर, म्हणजे विमानाच्या पंख्यावर काम केलं. तांबरमला शिकलो, पहिली नेमणूक जोधपूरच्या फ्लाइंग कॉलेजात मिळाली आणि हार्वर्ड या शिकाऊ विमानाच्या प्रॉपेलरवर माझा हात बसला. पुढं डकोटा, पॅकेट, एएन-१२ आणि शेवटी एव्ह्रो ही वाहतुकीची विमानं. आता साताऱ्यात असतो. जुनी पाती कुठं असल्याचं कळलं की बघायला जातो. सातारा-सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ती वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. घरोघरी फौजी आहेत, पुण्याचा जुना बाजार आणि लष्करी लिलाव जवळ आहेत, मिरज-कुपवाडच्या भट्ट्यांना ॲल्युमिनियम लागतं. या तिन्ही वाटांनी पाती इकडे येत राहिली. कुणाच्या दिवाणखान्यात टांगली आहेत, कुणाच्या गोठ्यात आडवी पडली आहेत, एका शाळेच्या मैदानात तर एक अर्धं पुरलेलं आहे.

गावात पातं पडवीत दोन पोत्यांवर ठेवलं होतं. टोकाकडून प्रायमर लावायला सुरुवात झाली होती, बुंधा अजून उघडा होता. सरपंच तरुण आहेत, उत्साही आहेत. त्यांनी कौतुकानं दाखवलं, “काका, ह्या बघा गोळ्यांच्या खुणा.” पात्याच्या जाड कडेवर तीन-चार ठिकाणी गुळगुळीत, उथळ खोलगट भाग होते. गोळी धातू फाडून जाते, कडा बाहेर उलटवते. इथं कडा अलगद पसरत गेलेल्या होत्या. हे फिटरच्या कानशीचं काम. धावपट्टीवरचा खडा उडून पात्याला लागला की टवका पडतो. तो तसाच राहिला तर त्याच्या तळातून भेग सुरू होते आणि हवेत पातं तुटू शकतं. म्हणून टवक्याची तीक्ष्ण कड कानशीनं पसरट करतात, बारीक पॉलिश पेपर मारतात आणि त्यावरून नख फिरवून बघतात. नख अडलं तर काम पुन्हा. आमचे सार्जंट डोळ्यांवर विश्वास ठेवू देत नसत, नखच लावायला लावत. त्या खोलगट भागांवरून मी नख फिरवलं. कुठंही अडलं नाही. कुणा अनोळखी फिटरनं पन्नासेक वर्षांपूर्वी मन लावून केलेलं काम होतं ते. सरपंचांना मी हेच सांगितलं : या खुणा गोळीच्या नाहीत, पण कुणाचा तरी जीव वाचवणाऱ्या नक्की आहेत.

मग थोडं रॉकेल, जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आणि बॅटरी मागून घेतली. बुंध्यावरचा काळा मळ भिजवून हळूहळू पुसला, बॅटरी आडवी धरली, पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. कागदावर आकडे उमटले : ६१०१ए-१२. खाली पात्याचा स्वतःचा अनुक्रमांक.

हे अमेरिकेच्या हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीच्या पद्धतीचे आकडे आहेत. ६१०१ हा पात्याच्या आराखड्याचा क्रमांक. शेवटचा १२ म्हणजे मूळ आराखड्याच्या मानानं प्रॉपेलरचा व्यास बारा इंचांनी कमी केलेला. हे पातं १२डी४० नावाच्या हबमध्ये, म्हणजे पाती धरून ठेवणाऱ्या मधल्या भागात बसतं. त्या नावातला पहिला आकडा हबमध्ये झालेल्या मोठ्या बदलांचा, दुसरा पात्यांच्या संख्येचा, म्हणजे इथं दोन. ‘डी’ हे बुंध्याचं माप आणि ४० हे इंजिनाच्या शाफ्टवरच्या खाचांचं माप. ही जोडी हार्वर्डची. व्यास नऊ फूट, म्हणून एक पातं चार फुटांच्या थोडं वर भरतं, आणि गावातलं तेवढंच भरलं. स्पिटफायरच्या प्रॉपेलरचा व्यास दहा फुटांच्या वर असायचा, आणि त्याच्या पुढच्या मॉडेलांना तर बहुतेक करून रोटोल कंपनीची लाकडी पाती होती. शिवाय लढाऊ स्पिटफायर भारतात आली ती १९४३ च्या उत्तरार्धात, आणि तीही बंगाल-ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा उंबऱ्यात घरातल्या आक्का बसल्या होत्या. वय नव्वदीच्या घरातलं. त्या म्हणाल्या, “माझं थोरलं दीर एअरफोर्सात गाडीवर हुतं. पेन्शनीत आलं तवा पुण्याच्या लिलावातनं त्येनीच आणलाय ह्यो पंखा. पोरं काय बी सांगत्यात.” फोटो घेणाऱ्यांनी, बातमी देणाऱ्यांनी, रंग आणणाऱ्यांनी, कुणीच आक्कांना विचारलं नव्हतं. पातं ओळखताना आकड्यांइतकंच महत्त्वाचं असतं ते कुठून, कधी, कुणी आणलं हे. ते सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत, आणि ती उंबऱ्यातच बसलेली असतात.

हार्वर्डचं पातं म्हटल्यावर सरपंचांचा चेहरा उतरला. लढाऊ विमान नाही, शिकाऊ विमान, म्हणजे काहीतरी कमी, असं त्यांना वाटलं. ही समजूत काढून टाकायची माझी फार इच्छा आहे, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

हार्वर्डमध्ये प्रॅट अँड व्हिटनीचं नऊ सिलिंडरचं वास्प इंजिन होतं, ६०० अश्वशक्तीचं. मोठ्या विमानांत इंजिन आणि प्रॉपेलर यांच्यामध्ये वेग कमी करणारा गिअर असतो. हार्वर्डमध्ये तो नव्हता, प्रॉपेलर थेट क्रँकशाफ्टवर. उड्डाणाच्या वेळी इंजिन मिनिटाला २,२५० फेरे घ्यायचं आणि प्रॉपेलरही तेवढेच. नऊ फूट व्यासाच्या पात्याचं टोक तेव्हा सेकंदाला सुमारे ३२० मीटर धावतं. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. टोक त्याच्या इतकं जवळ गेलं की पात्यावरून वळणारी हवा तो वेग ओलांडते आणि हार्वर्डची ती ओळखीची किंकाळी उठते. जोधपूरला पहाटे पहिलं विमान निघालं की बराकीतले पाण्याचे ग्लास थरथरायचे. नवखे घाबरत. आम्ही आवाजावरून सांगत असू की चालवणारा विद्यार्थी आहे की शिकवणारा, कारण शिकवणारे विमान वर गेल्यावर लगेच फेरे कमी करत.

प्रॉपेलरचा कोन बदलणारी रचनाही बघण्यासारखी. प्रत्येक पात्याच्या बुंध्याशी एक वजन बसवलेलं. इंजिनाच्या तेलाचा दाब पात्याला कमी कोनाकडे ढकलतो, फिरणाऱ्या वजनांचा जोर जास्त कोनाकडे ओढतो, आणि गव्हर्नर नावाचा नियंत्रक या दोघांत तेल आत-बाहेर करत समतोल राखतो. गावातल्या पात्याच्या बुंध्यावर त्या वजनाच्या ब्रॅकेटची घासलेली जागा स्पष्ट दिसते. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लढलेल्या अनेक वैमानिकांनी उड्डाणाचे धडे हार्वर्डवर गिरवले. असं पातं चौकात बसवण्यात कमीपणा कसला?

प्रतिसरकारबद्दलही बोलतो, कारण बातमीत त्याचं नाव आलं आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, तुफान सेना, १९४३ मध्ये शेणोलीजवळ लुटलेली पगाराची गाडी हा आपल्या मातीचा नोंदलेला इतिहास आहे. त्याचे साक्षीदार होते, खटले झाले, कागद आहेत. त्याच्या शेजारी न घडलेली गोष्ट दगडावर कोरली, तर उद्या कुणी अभ्यासू माणूस पातं तपासेल, ते हार्वर्डचं निघेल, आणि मग खऱ्या गोष्टींकडेही लोक संशयानं बघू लागतील. आमच्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची नोंद दगडावर आहे. तिथं आकडा बरोबर आहे म्हणून ते नुसतं वाचतानाही अंगावर येतं.

आता इतर वाचकांसाठी. ज्यांच्या घरी, शाळेत, कारखान्यात असं पातं आहे, त्यांना ते स्वतः बऱ्याच अंशी ओळखता येईल.

आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर पातं पोलादी, आणि पोलादी म्हणजे जवळजवळ नेहमी पोकळ. बोटाच्या पेरानं ठोकलं तर आवाजातच पोकळी कळते. कर्टिस कंपनीची विजेच्या मोटरनं कोन बदलणारी पाती अशी असत. युद्धकाळात हिमालयापलीकडे चीनला रसद नेणाऱ्या ‘कमांडो’ नावाच्या विमानांवर ती होती. आमच्या पॅकेट विमानांच्या जी मॉडेलला एरोप्रॉडक्ट्सची पोकळ पोलादी पाती होती. पॅकेट म्हणजे तेच दोन शेपट्यांचं मालवाहू विमान, ज्याच्या पाठीवर आपल्या लोकांनी ऑर्फियस जेट इंजिन बसवलं, कारण लडाखच्या उंचीवर दोन इंजिनांची ताकद कमी पडायची.

चुंबक चिकटला नाही आणि पातं भरीव, जड आहे, तर ते घडवलेल्या ॲल्युमिनियमचं. हॅमिल्टनची आणि त्यांच्या परवान्यावर इंग्लंडात डी हॅविलंडनं बनवलेली पाती या जातीची. त्यांच्या बुंध्याचं शेवटचं टोक बाहेरच्या बाजूला फुलवलेलं असतं, आणि त्याच्या मागं पोलादी कड्या अडकलेल्या असतात. त्या पातं घडवतानाच घातलेल्या असतात, टोक फुलवल्यावर निघत नाहीत. बुंध्याच्या तोंडातून आत पाहिलं तर पोकळ नळी दिसते. तिच्यात हबचा दांडा जातो, आणि तोल साधण्यासाठी तिथंच शिसं भरतात. त्या टोकाला गिअरच्या दात्यांचा तुकडा बसवलेला आढळला, तर प्रॉपेलर हायड्रोमॅटिक जातीचा, म्हणजे डकोटा किंवा त्याहून मोठ्या विमानाचा असण्याची शक्यता वाढते.

लाकडी पात्याचे थर कडेला दिसतात. एकसंध दोन हातांचं, मध्ये भोकांचं वर्तुळ असलेलं आणि कडेला पितळी पत्रा मारलेलं लाकूड असेल तर ते टायगर मॉथसारख्या हलक्या विमानाचं. सुटं लाकडी पातं असेल, बुंध्याला धातूचा आटेवाला कप आणि अंगावर प्लास्टिकसारखं जाड आवरण असेल, तर रोटोलकडे बघा. तिथं स्पिटफायरची आशा धरायला हरकत नाही.

पातं टोक वर करून उभं करा आणि फुगीर बाजूकडे तोंड करून उभे राहा. जाड कड डाव्या हाताला आली तर प्रॉपेलर वैमानिकाच्या बाजूनं पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणारा. हार्वर्ड, डकोटा, मर्लिन इंजिनाचं स्पिटफायर हे सगळे असे. जाड कड उजवीकडे आली तर उलट फिरणारा. ग्रिफन इंजिनाची स्पिटफायर आणि सेंटॉरस इंजिनाचं टेंपेस्ट उलट फिरत. १९४७-४८ च्या काश्मीर लढाईत आपल्या हवाई दलाकडे स्पिटफायरही होती आणि टेंपेस्टही. उजवीकडे जाड कड असलेलं पातं कुणाकडे असेल तर मला ते पाहायला जरूर आवडेल.

टोकाच्या पिवळ्या पट्ट्यावर आणि काळ्या रंगावर जाऊ नका. टोकाला चार इंच पिवळा ही पद्धत अमेरिकनांची, इंग्रजांची, आपलीही. फिरतं पातं माणसाला दिसावं, एवढ्यासाठी ती. लांबीवरही पूर्ण भिस्त नको. टोकाला इजा झाली की जोडीतली सगळी पाती सारखी कापून पुन्हा गोलाई देतात, आणि मोडीत काढताना पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम कापतातही. बहुतेक मोठ्या हॅमिल्टन पात्यांवर हबच्या मध्यापासून ४२ इंचांवर एक आडवी रेघ असते, कोन मोजण्यासाठी. तिच्याजवळ पात्याची रुंदी मोजून ठेवा, ती लांबीपेक्षा खात्रीची. वाकलेलं पातं असेल तर वाक कुठल्या बाजूला आहे ते लिहा. इंजिन जोरात चालू असताना जमिनीला लागलं तर टोकं सहसा पुढं वळतात, इंजिन बंद किंवा मंद असेल तर मागं. गावातलं पातं सरळसोट आहे. पाडलेल्या विमानाचं पातं असं राहत नाही.

आणि आकडे सापडले म्हणून त्यांच्याकडून जास्त वदवून घेऊ नये. ६४७७ए-० हा आकडा दिसला की लोक डकोटा म्हणतात. तसंच पातं बॉम्बफेकी लिबरेटरवरही होतं, कारण २३ई५० हा एकच हब डकोटा, लिबरेटर आणि फ्लाइंग फोर्ट्रेस या तिन्हींवर बसे. लिबरेटर म्हणजे परक्यांचं विमान, असंही समजू नये. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली लिबरेटर हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी पुन्हा उडती केली, आणि आपलं हवाई दल ती १९६८ पर्यंत वापरत होतं. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला उभी केली. त्यांचंच नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे. तिथल्या मुलांनी अशा पात्यांची मोजमापं घेण्याचं काम अंगावर घेतलं तर त्याच्याइतकं शोभणारं दुसरं काही नाही.

अमुक पातं अमुक विमानावर होतं, हे तर पात्यावरून सांगताच येत नाही. प्रॉपेलरचं लॉगबुक वेगळं असतं. ओव्हरहॉलमध्ये पाती सुटी होतात, तोल जुळेल त्या दुसऱ्या पात्यांशी जोडली जातात आणि दुसऱ्याच विमानावर चढतात. ‘हे पातं श्रीनगरला जाऊन आलंय’ असं कुणी सांगितलं तर लॉगबुक मागावं. २७ ऑक्टोबर १९४७ ला डकोटांनी पहिल्या शीख बटालियनचे जवान श्रीनगरला उतरवले. त्यांतल्या एका डकोटाचा क्रमांक व्हीपी ९०५. हवाई दलाला भेट मिळालेल्या आणि २०१८ मध्ये भारतात आलेल्या ‘परशुराम’ या डकोटावर तोच क्रमांक रंगवला आहे, आणि तो त्या उड्डाणाच्या स्मरणार्थ आहे, असं उघड सांगितलं जातं. स्मरण करायची हीच रीत मला पटते.

भंगाराच्या धंद्यातल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. सांगलीकडच्या एका आवारात मी एक सुंदर पातं तीन तुकड्यांत पाहिलं. मालक सज्जन, मला हवं तेवढा वेळ बघू दिलं. पण बुंधा आधीच गेलेला होता. भट्टीला निव्वळ ॲल्युमिनियम लागतं आणि बुंध्याशी पोलादी कड्या, गिअर, शिसं असतं, म्हणून तेवढा भाग पहिल्यांदा कापून वेगळा विकतात. नेमके आकडे तिथंच असतात. उरलेल्या धातूला बाजारभाव मिळतो, ओळख मात्र गेलेली असते. विट्या-खानापूरचे गलाईवाले सोनं कसाला लावल्याशिवाय मुशीत टाकत नाहीत, तसं पात्याच्या बाबतीतही व्हावं. कटर लावायच्या आधी बुंध्याचे दोन फोटो आणि एका कागदावर आकड्यांची पेन्सिलनं घासलेली छाप, एवढंच. वजनात गुंजभरही घट येणार नाही. उलट ओळख पटलेलं अख्खं पातं मोडीच्या भावापेक्षा जास्तीला जातं. घेणारे आहेत.

घरी पातं असणाऱ्यांनी ग्राइंडर आणि तारेचा ब्रश त्याच्याजवळ नेऊ नये. काही आकडे ठोकलेले असतात, पण काही नुसत्या शाईचे किंवा चिकटवलेल्या चित्रासारखे असतात, ते एका घासणीत जातात. चकचकीत केलेली पाती मी बरीच पाहिली. आरशासारखी झाली होती आणि त्यांच्याबद्दल काहीही सांगता येत नव्हतं. जुन्या रंगाखालचा पिवळसर-हिरवा थर क्रोमेट या विषारी रसायनाचा असतो, तो कोरडा घासून त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नये, मुलांना तर जवळही उभं करू नये. आणि असं पातं पुन्हा कशावरही बसवून फिरवू नये. पवनचक्की करायची हौस असणारे भेटतात, म्हणून लिहितो.

प्रत्यक्ष विमानावर बसलेली पाती पाहायची असतील तर आपल्याला सोयीचं ठिकाण गोव्यातलं नौदलाचं विमान संग्रहालय. बंगळूरला एचएएलचं आणि दिल्लीत पालमला हवाई दलाचं संग्रहालय आहे. मोजमापं, फोटो आणि छाप घेऊन तिथं गेलात तर तुलना करता येते. मीही पाहून सांगायला तयार आहे. माझा पत्ता संपादकांकडे दिला आहे. फोटो पाठवताना बुंधा, फुगीर बाजू, सपाट बाजू आणि शेजारी ठेवलेली मोजपट्टी एवढं दिसावं, आणि घरातलं सर्वांत वयस्कर माणूस त्या पात्याबद्दल काय सांगतं ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवावं.

त्या गावच्या ग्रामपंचायतीनं रंगाचं काम थांबवलं आहे. सरपंचांनी फलकासाठी मजकूर मागितला, तो मी लिहून दिला आणि आक्कांना वाचून दाखवला. त्यांनी दिरांचं नाव घालायला सांगितलं, ते घातलं आहे. इथं नाव गाळून तो मजकूर देतो. आपण बातमी ठळक छापली होती, हाही तितकाच ठळक छापावा, ही विनंती :

‘हार्वर्ड प्रशिक्षण विमानाच्या प्रॉपेलरचं पातं. बनावट हॅमिल्टन स्टँडर्ड, आराखडा ६१०१ए-१२, घडीव ॲल्युमिनियम. भारतीय हवाई दलातील आपल्या गावच्या वाहनचालकानं निवृत्त होताना पुण्याच्या लिलावातून विकत आणलं. कडेवरच्या खुणा दुरुस्तीच्या आहेत. कृपया रंग देऊ नये.’

आपला,
भारतीय हवाई दलातील एक निवृत्त प्रॉपेलर फिटर, सातारा